पाण्यात उभं झाड

माझी आत्या कुणालाही रिकाम्या हाताने विहारात येऊ द्यायची नाही. फुलं नसली तरी चालतील, अगरबत्ती नसली तरी चालेल, पण हातात तांब्या हवा आणि तांब्यात स्वतःच्या घरच्या नळाचं पाणी हवं. विहाराच्या पायरीच्या डाव्या अंगाला तिने लावलेला पिंपळ होता. आधी त्याला पाणी, मग आत वंदना. विहाराच्या नळावर तांब्या भरायला निघालेल्या एका पाहुण्याला तिने एकदा चक्क अडवलं होतं. "ते समद्यांचं हाय. तुमच्या घरचं आणा," म्हणाली. पाहुणा हुमनाबादचा. त्याचं घर कुठे, त्याचा नळ कुठे! शेवटी आत्याने आपल्या नळाचं पाणी त्याला उसनं दिलं आणि पुढच्या खेपेला परत आणा म्हणून बजावलं. तो बिचारा खरंच पुढच्या पौर्णिमेला बाटली भरून घेऊन आला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती जनवाड्यात राहते, विहाराला लागूनच. मी बिदरला एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी सकाळी बसने जायचं, तिच्या हातची भाकरी आणि शेंगाची चटणी खायची, चार बोलणी ऐकायची आणि दुपारी परत यायचं, असं माझं कित्येक वर्षं चाललं आहे. वडील गेल्यापासून माहेर म्हणून मला तेवढंच उरलं आहे.

पिंपळाचं रोप तिने बोधगयेहून आणलं होतं. गावातल्या बायकांबरोबर गेली होती. बाकीच्यांनी मूर्ती आणल्या, माळा आणल्या, हिने पाण्याची बाटली मधोमध कापून तिच्यात वीतभर रोप आणलं. सगळ्या प्रवासात बाटली मांडीवर. "निम्मं पाणी मला, निम्मं त्येला," असं ती सांगायची. वैशाखी पौर्णिमेला ते विहारासमोर लावलं, तेव्हा सगळ्यांदेखत तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मी मेल्यावर भिताडाला माझा फोटू लावू नका. फोटूला माणसं इसरत्यात. ह्येच्या सावलीला बसत जावा." मी हसून म्हटलं, आत्या, पिंपळाची सावली व्हायला तुला अजून बरीच वर्षं जगावं लागेल. "मी कामून? त्यानं जगावं की," ती म्हणाली.

त्या पिंपळात तिचा जीव का अडकला होता, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना चढता येत नव्हतं. घागर घेऊन खाली उभं राहायचं. वर कुणाला दया आली तर तो पाणी ओतणार, आणि ओतणार तेही उंचावरून, त्याचा पोहरा आमच्या घागरीला लागू नये म्हणून. आत्या हे बाजारहाटाच्या गप्पा माराव्यात तसं सांगते. "निम्मं घागरीत, निम्मं मातीत. आमच्यापरीस त्या मातीनंच जास्त पिलं बघ," म्हणते आणि हसते. मला हसू येत नाही. मला राग येतो, आणि तो काढायचा कुणावर ते कळत नाही. ओतणारे केव्हाच मेले, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं माझ्या वर्गात बसून परासरणाची व्याख्या पाठ करतात.

आता घरोघरी नळ आहे. पाणी सुटलं की आत्या आधी तोटी पूर्ण उघडते आणि धार नुसती बघत उभी राहते. वाया जायलंय म्हटलं तर म्हणते, "जाऊ दे." मग तांब्या भरते आणि पिंपळाकडे जाते. तिचं बघून गल्ली जाऊ लागली. आधी पौर्णिमेला, मग रोज. आमच्या लोकांना कुणाला पाणी द्यायची सवय नव्हती, घ्यायचीच होती. त्यामुळे पाणी देण्यात काय सुख असतं ते त्या पिंपळापाशी सगळ्यांना एकदमच सापडलं. म्हातारे, सुना, शाळेला निघालेली पोरं, सगळे एकेक तांब्या रिकामा करून जायचे. झाडही दोन वर्षं जोमात होतं. माझ्या डोक्याच्या वर गेलं, पानं तळहातापेक्षा मोठी झाली.

मग त्याला कट्टा बांधला. आत्याच्या शेजारी एक गवंडी राहतो, फरशी बसवायचं काम करतो, चांगला हात आहे त्याचा. त्याने मजुरी घेतली नाही. आत्याने त्याला एकच गोष्ट सांगितली होती, पाणी भायेर जाऊ द्यायचं न्हाई. त्यानेही मनावर घेतलं. चारी बाजूंनी सिमेंट, आतून गिलावा, वरून निळी फरशी, आणि आजूबाजूच्या अंगणातही फरशी. खाली आमची काळी चिकण माती, जिच्यातून पाणी मुळात हलत नाही. मी पुढच्या रविवारी गेले तेव्हा तो मोठ्या कौतुकाने दाखवत होता. "बघा मॅडम, थेंब इकडचा तिकडं होणार न्हाई." मला वाटलं, ह्या शहाण्याने झाडाला हौद बांधून दिला. तसं मी म्हटलंही. त्याला ती तारीफ वाटली.

वर्गात हा धडा मी फार रंगवून शिकवते. मुळांच्या टोकांशी केसांहून बारीक रोम असतात, मातीच्या कणाकणाला चिकटलेलं पाणी तेच ओढतात. मुळाच्या आतला रस दाट, बाहेरचं पाणी पातळ, म्हणून पाणी आपसूक आत शिरतं. वर पानांतून वाफ उडून जाते आणि त्या ओढीने पाण्याची न तुटणारी तार बुडापासून शेंड्यापर्यंत चढत राहते. मोटर नाही, वीज नाही, आणि झाड घोटाघोटाने माडीएवढ्या उंचीवर पाणी नेतं. पांढरी शेवंती निळ्या शाईच्या पाण्यात ठेवते. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांवर निळ्या शिरा उमटल्या की पोरं "आब्बाबाबा" करतात. त्या धड्यात शेवटी एक साधी गोष्ट येते, ती पोरं गाळतात, कारण तिच्यावर प्रश्न येत नाही. मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, तिच्यावर ती जगतात. त्या फटींत सदानकदा पाणीच भरून राहिलं तर मूळ गुदमरतं, आणि गुदमरलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. मग भोवती तळं असलं तरी वर पानं तहानेने माना टाकतात.

श्रावणात पिंपळाची खालची पानं पिवळी पडली. मी गेले तेव्हा कट्ट्यात पाणी उभं होतं, त्यात पिवळी पानं तरंगत होती, आणि आत्या काठावर बसून पाण्याकडे टक लावून बघत होती.

"काय बघायलीस?" मी विचारलं.

"पाणी सकाळपासून हाय तितकंच हाय. पीत न्हाई बघ. रुसलंय."

"रुसलं नाही, आत्या. बुडालंय. पाणी बंद कर त्याचं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या भाकरीत खोट काढली. "तहानलेल्याचं पाणी बंद करू? पानं बघ की. मान टाकायलेत. तहान लागल्यावर माणूस बी असाच मान टाकतंय."

मी शिकवायला बसले. मुळं, रोम, हवा, सगळं. गल्लीतल्या दोघी-तिघी तांब्या घेऊन आल्या होत्या, त्याही ऐकत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, मुळांना श्वास घेता येत नाही. आत्या म्हणाली, "मुळाला नाक असतंय व्हय?" त्या बायका खळखळून हसल्या, आणि खरं सांगायचं तर मीही हसले. हसता हसता त्यांनी आपापले तांबे ओतले आणि आत गेल्या. माझ्यासमोर, माझा धडा ऐकून.

गंमत अशी की आत्याचं चुकत नव्हतं. झाड तहानलेलंच होतं. ती रोज सकाळी त्याचं तोंड बघायची आणि तिला जे दिसायचं ते खरं होतं. फक्त तहान कुठल्या बाजूने आली ते तिला दिसत नव्हतं, आणि मला ते दाखवता येत नव्हतं. जमिनीखालचं कुणाला कसं दाखवायचं?

त्यात शनिवारवाल्या बाईची भर पडली. गावातला जुना पिंपळ रस्ता रुंद करताना गेला होता. वरच्या आळीतल्या बायका दर शनिवारी त्याला पाणी घालून फेऱ्या मारायच्या, त्यांची अडचण झाली. त्यातली एक तरुण सून एका शनिवारी कळशी घेऊन आमच्या विहारापाशी आली आणि आत्याला विचारू लागली, "अक्का, हितं घातलं तर चालंल न?" ज्या घरचे लोक विहिरीवरून आमच्या घागरीत उंचावरून पाणी ओतायचे, त्या घरची ती सून. तिला बिचारीला त्यातलं काही ठाऊक नसावं. आत्याने तिला हाताला धरून कट्ट्यापाशी नेलं. म्हणाली, "घाल की. जवळून घाल. भ्यायचं न्हाई."

पुढच्या रविवारी आत्याने मला हे दहा वेळा सांगितलं. सांगताना तिचा चेहरा असा उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. "त्यांच्या घरची बाई आपल्या झाडाला पाणी घालून गेली. मला इचारून!" मी नुसती मान हलवत होते. कळशी म्हणजे किती तांबे, याचा हिशोब माझ्या डोक्यात चालला होता आणि मला माझीच लाज वाटत होती. त्या क्षणी तिला काय सांगायचं होतं मी? की त्या सुनेला परत पाठव?

तरी मी स्वस्थ बसले नाही, तो माझा स्वभावच नाही. शाळेत पुठ्ठ्याची एक पाटी लिहिली आणि एका रविवारी अगदी सकाळच्या बसने गेले. गवंडी अंगणात दात घासत होता. त्याला म्हटलं, खिळे आण, हे झाडापाशी लावायचं आहे. त्याने चूळ भरली, जवळ आला आणि मोठ्याने वाचलं, "ह्या झाडाला पाणी घालू नये."

त्याने पुन्हा एकदा मनात वाचलं असावं. मग खाली बघत म्हणाला, "मॅडम, ही पाटी आपल्या विहाराच्या दारात लावायची?"

अक्षर माझं सुंदर आहे, सगळे म्हणतात. त्या सुंदर अक्षरात मी काय लिहिलं होतं ते मला तोवर कळलंच नव्हतं. मागून आत्याच्या चपलांचा आवाज आला. आत्या मोठेपणी अक्षरं शिकली आहे, पाटी दिसली की बोट फिरवत वाचल्याशिवाय पुढे जात नाही. मी पाटी पोटाशी उलटी धरली. "काय लिवून आणलीस ग?" तिने विचारलं. शाळेचं आहे म्हणाले. तिने तांब्या ओतला, आणि मी पुठ्ठा पोटाशी धरून तशीच उभी राहिले. परतताना बसमध्येही तो मांडीवर उलटाच ठेवला होता.

दिवाळीनंतर आत्याला डोळ्यांच्या तपासणीला बिदरला आणायचं होतं. मोतीबिंदू पिकला होता. मी तिला आपल्याकडे ठेवून घेतलं आणि गवंड्याला फोन केला. आत्या नाही तोवर कट्ट्याला मागून, गटाराच्या बाजूने, अगदी तळाशी भोक पाड म्हटलं. तो नाही नाही करत होता, अक्काला कळलं तर गावात राहणं मुश्कील करंल म्हणत होता. मी शाळेतला आवाज लावला तेव्हा तयार झाला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "मॅडम, पाडलं. नळीचा तुकडा बसवला. लई काळं पाणी आलं. वास मारायलंय, नाली तुंबल्यासारखा." मी विचारलं, मुळं दिसली का? तो म्हणाला, दिसली, हात लावला तर साल हातात आली. मी फोन ठेवला. शेजारच्या खोलीत आत्या माझ्या मुलीला सांगत होती की गावी गेल्यावर आधी पिंपळाला पाणी घालायचं, इतके दिवस कुणी नीट घातलं असेल की नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण नजर काही फारशी आली नाही. डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला. गावी परतल्यावर आत्या आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखी हात पुढे करून चालू लागली, आणि तरी पहिल्याच सकाळी तांब्या घेऊन पिंपळापाशी गेली. त्या रविवारी मी पोचले तर ती अंगणात माझी वाटच बघत होती.

"अग, प्यायलंय! घातलं की लगेच पितंय! बोट बुडवून बघितलं, पाणी राहीतच न्हाई. किती दिसांचं तहानलेलं होतं बघ."

तिने गल्लीभर सांगितलं होतं. लोकांनी दोन-दोन तांबे आणायला सुरुवात केली होती. गवंडी मला बघून घरात शिरला.

मी माझी समजूत घातली की पाणी निदान उभं तरी राहत नाही. वाहून जातं, जाऊ दे. एखादं मूळ जिवंत असेल, नवे रोम फुटतील, पिंपळ चिवट असतो, भिंतीच्या चिरेत उगवतो. वर्गात मी इतकं आशाळभूतपणे कधी बोलले नसते. माघात सगळी पानं गळाली. आत्या म्हणाली, "पिंपळ ह्या दिसांत झडतंयच," आणि ते खरं होतं. जाता-येता बसच्या खिडकीतून दिसणारे सगळेच पिंपळ उघडे झाले होते. मी ते मोजत बसायचे आणि मला बरं वाटायचं.

मग त्या सगळ्यांना पालवी फुटली. तांबूस, ओली, उन्हात चमकणारी. आमच्या पिंपळाला एक डोळाही फुटला नाही. आत्या दर रविवारी विचारायची, "आलं का ग काही?" आणि मी म्हणायचे, येईल. चैत्रात ती आत वंदनेला बसली असताना मी नखाने खोडाची साल खरवडली. आत हिरवं असतं, ओलं असतं. इथे तपकिरी होतं, काडीसारखं कोरडं. खाली वाकून पुन्हा खरवडलं, अगदी बुडाशी. तिथेही तेच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना झाड पाणी कसं पितं ते शिकवलं, आणि घरच्या एका झाडाला ते पिऊ देता आलं नाही. मी पायरीवर बसून रडले. आतून आत्याचा आवाज येत होता, सगळ्यांच्या आधी, जरा बेसूर.

वैशाखी पौर्णिमेला विहारात गर्दी होती. नव्या साड्या, खिरीचा वास, आणि पिंपळाच्या सुकल्या फांद्यांना कुणीतरी कागदाच्या पताका बांधल्या होत्या. लांबून बघितलं तर पानंच वाटत होती. आता सगळ्यांना कळलं होतं. आत्याला कुणी सांगत नव्हतं. एकेक जण येत होता, तांब्या ओतून आत जात होता. शनिवारवाली सूनसुद्धा येऊन गेली.

आत्या सगळ्यांत शेवटी आली, माझ्या खांद्याला धरून. तिचा हात आताशा थरथरतो, तांब्यातलं निम्मं पाणी वाटेतच सांडलं. कट्ट्यापाशी तिने तो माझ्या हातात दिला.

"माझ्यानं मातीत जायलंय समदं. तू घाल. जवळून घाल."

मी वाकले आणि पाणी घातलं. क्षणभर ते खोडाभोवती उभं राहिलं, मग खाली गेलं. आत्याने बोट बुडवायला हात पुढे केला, बोट ओल्या मातीला टेकलं.

"पिलं?" तिने विचारलं.

कट्ट्याच्या मागे, अगदी तळाशी बसवलेल्या नळीतून ते पाणी गटारात पडत होतं. त्याचा आवाज तिच्या कानावर जाऊ नये म्हणून मी जरा मोठ्यानेच म्हणाले, "व्हय आत्या, पिलं."

"मग थांबलीस कामून? आणखी घाल की."

मी तांब्या घेऊन तिच्या नळाकडे गेले.